मोहाची, देशी, विलायती : उन्हाळ्यातल्या एका पेल्याचा इतिहास

एप्रिल लागला की माझ्याकडे दारूविषयी दोन प्रकारचे प्रश्न येतात. पहिला पुण्या-मुंबईहून सुटीवर आलेल्या तरुणांचा : "डॉक्टर, घरीच टकीलात कैरीचा रस, पुदिना आणि बर्फ घालून कॉकटेल करतो. फळांचाच रस जास्त असतो, उन्हाळ्यात चालेल ना?" दुसरा झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीकडून येणाऱ्या वयस्क माणसांचा, आणि तो प्रश्न नसतोच, ते उत्तर असते : "मोहाची आहे जी. त्यात काही केमिकल-गिमिकल नसते."

दोघांचीही समजूत एकाच ठिकाणी चुकते. फळापासून किंवा फुलापासून केलेली आहे, म्हणून ती सौम्य, असे दोघांनाही वाटते. शिवाय टकीलावाल्याला मोहाची दारू गावठी वाटते आणि मोहवाल्याला बाटलीतली विलायती दारू विषारी वाटते. ही उतरंड आपल्या डोक्यात कुठून आली, हे शोधायला गेलो तेव्हा वैद्यकाच्या पुस्तकांत काही सापडले नाही. सापडले ते अबकारी कायद्यांत. म्हणून आज औषधांऐवजी थोडा इतिहास.

आधी टकीलाचे सांगून टाकतो. ती मेक्सिकोतल्या निळ्या अगेव्ह नावाच्या झाडाच्या गाभ्यापासून करतात. आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावर, रेल्वेच्या कडेला जी काटेरी घायपात दिसते, ती याच कुळातली. घायपातीच्या पानांपासून आपल्याकडे दोर वळले गेले. (कोणी प्रयोग करू नये म्हणून सांगतो, तिच्या कच्च्या चिकाने अंगाला भयंकर खाज सुटते आणि पुरळ येते.) अठराव्या शतकात मेक्सिकोवर स्पेनचे राज्य होते, तेव्हा स्पॅनिश दारूचा खप राखण्यासाठी या स्थानिक दारूवर बंदी घालण्यात आली होती. पुढे 1795 साली कुएर्वो घराण्याला ती गाळण्याचा परवाना मिळाला, आणि 1974 साली मेक्सिकोने 'टकीला' हे नावच कायद्याने राखून ठेवले. गावाची दारू अशा रीतीने देशाच्या अभिमानाची वस्तू झाली. आपल्या मोहाच्या वाट्याला मात्र दुसरेच आले.

मोहाचे झाड मार्च-एप्रिलमध्ये पाने गाळते आणि फुलावर येते. फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. मांसल, पिवळसर पांढरी, गोड. झाडाखालची जागा आधी झाडून साफ करायची आणि उजाडताच टोपली घेऊन वेचायला बसायचे, हे काम बहुतेक बाया आणि मुले करतात. अस्वलालाही हे फूल फार आवडते, आणि मोह वेचायला गेलेल्यांवर अस्वलाने हल्ला केल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येत राहतात. फुले उन्हात वाळवली की मनुकांसारखी होतात आणि वर्षभर टिकतात. वाळलेल्या फुलाच्या वजनातला निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक भाग साखरेचा असतो.

हे आकडे मुद्दाम सांगतोय. ज्या घरात धान्य जूनपर्यंत संपते, त्या घरात एप्रिलमध्ये जमिनीवर पडणारी साखर ही सर्वांत आधी अन्न असते. गोंड, कोलाम, परधान, आंध या आपल्या जिल्ह्यातल्या समाजांत मोहफुले शिजवून, भाजून, पिठात मळून खाल्ली जात. गुरांना आणि बाळंतिणीलाही देत. बियांचे तेल काढून ते दिव्याला आणि स्वयंपाकाला वापरत. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्य भारतातल्या जंगलपट्टीत अनेकांनी ज्यावर दिवस काढले, त्यात मोहफूल होते. दारूही होतीच. लग्नात, मयतीला, देवाला धार घालायला ती लागे. पण ती मडक्यावर गाळलेली, घरापुरती, सणापुरती असे. रोज संध्याकाळी दुकानात जाऊन विकत घ्यायची वस्तू ती नव्हती.

ती तशी कशी झाली?

मुंबई इलाख्यात 1878 साली अबकारी कायदा आला. दारूवर कर बसवायचा, तर ती एका जागी गाळली जायला हवी आणि मोजता यायला हवी. घरोघरी मडक्यावर निघणारी दारू कशी मोजणार? म्हणून घरची भट्टी गुन्हा ठरली, आणि मोठ्या भट्ट्यांचा ठेका देणे सुरू झाले. मुंबईजवळ उरणला अशा भट्ट्या उभ्या राहिल्या. गंमत अशी, की तिथेही दारू मोहाचीच गाळली जात होती. फुले गुजरातेतल्या पंचमहालातून येत. म्हणजे फूल तेच, दारू तीच. फरक फक्त कर भरला की नाही, एवढाच.

तरी ठाणे-कुलाब्याच्या जंगलात लोक चोरून गाळतच राहिले. मग 1892 साली सरकारने थेट फुलावरच हात घातला. त्या वर्षीच्या 'मोहवरा' कायद्याने या भागांत ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक मोहफुले बाळगण्यावर बंधन आले. आदिवासींचे अन्न एका कलमाने कच्चा माल ठरले, आणि घरात साठवलेली टोपली संशयाची वस्तू झाली.

आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. वऱ्हाड 1853 पासून निजामाकडून इंग्रजांकडे आला होता, आणि आजच्या यवतमाळचे नाव 1905 पर्यंत वणी जिल्हा असे होते. 1903 साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. पण मध्य प्रांत आणि वऱ्हाडातही देशी दारू म्हणजे मुख्यतः मोहाचीच, आणि तिच्यावरचा कर हे सरकारचे भरवशाचे उत्पन्न. दारू कडक की सौम्य, रोज प्यायली जाते की सणाला, हे कोणी वैद्याने ठरवले नाही. भट्टी एकवटली, दुकान गावात आले आणि दुकानदाराला विक्री वाढवावी लागली. 'देशी' हा शब्द इथे करपद्धतीचा आहे. 'विलायती'सुद्धा.

पुढच्या टप्प्यात मात्र एक डॉक्टर येतो. 1937 साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि आरोग्य व अबकारी ही दोन्ही खाती डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे गेली. हे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ, पुढे गांधीजींच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांपैकी एक. स्वतः पारशी, आणि मुंबईतल्या दारूच्या व्यापारात पारशी मोठ्या संख्येने. अशा माणसाने 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. आपल्याच समाजाचा रोष ओढवून घेतला. मंत्रिमंडळ त्याच वर्षी गेले आणि बंदीही फार टिकली नाही. पण एकाच माणसाच्या टेबलावर दारूचे उत्पन्न आणि दारूने आलेले आजार, दोन्हीच्या फायली असाव्यात, ही गोष्ट मला अजूनही विचार करायला लावते.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. फ्राम नसरवानजी बलसारा नावाच्या गृहस्थांनी त्याला आव्हान दिले, आणि 25 मे 1951 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा बहुतांशी टिकला. पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरची बंधने न्यायालयाने रद्द केली. हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. आम्हा डॉक्टरांना त्याची दुसरी बाजू ठाऊक आहे : बंदी असली की माणूस औषधाच्या बाटलीकडे वळतो. टिंक्चर, स्पिरिट, पॉलिश, पुढे सॅनिटायझर. ज्या वस्तूवर 'अल्कोहोल' लिहिले आहे पण जी पिण्यासाठी नाही, अशी प्रत्येक वस्तू कोणीतरी कधीतरी प्यायलेला असतो.

त्याच कायद्याने आमच्या व्यवसायाला एक विचित्र काम दिले. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे, या कारणावर परवाना मिळू शकत असे, आणि त्यासाठी वैद्यकीय दाखला लागे. कागदोपत्री त्या काळात दारू हे औषध होते. 'थोडी घेतली तर तब्येतीला चांगली' हे वाक्य लोक डॉक्टरांच्या नावावर खपवतात, त्याची मुळे निदान काही प्रमाणात त्या दाखल्यांत असावीत, असे माझे मत आहे. आजही महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना कायद्याने लागतो, आणि कडक मद्यासाठी किमान वय 25 आहे. कॉकटेल विचारणाऱ्या बहुतेक तरुणांना हे दोन्ही माहीत नसते.

1956 साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1959 साली हा कायदा आपल्याकडेही लागू झाला. नंतर तो ज्यांच्या काळात टप्प्याटप्प्याने सैल झाला, ते मुख्यमंत्री आपल्याच जिल्ह्यातले, पुसदचे वसंतराव नाईक. 1963 ते 1975 अशी त्यांची कारकीर्द. बंदीमुळे चोरटी हातभट्टी बोकाळली, हे त्यामागचे एक मोठे कारण सांगितले गेले आणि ते खोटे नव्हते. दुकाने पुन्हा उघडली. मोहफुलावरची बंधने मात्र पुढे कित्येक वर्षे कायद्यात तशीच राहिली.

यानंतर विदर्भात दारूबंदीची मागणी सरकारकडून कमी आणि बायकांकडून जास्त आली. वर्धा जिल्ह्यात ती गांधीजींच्या नावाने सत्तरच्या दशकात आली, गडचिरोलीत 1993 साली, चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 रोजी. चंद्रपूरची 2021 साली उठली. यवतमाळच्या बायकांनीही जिल्हाबंदीसाठी मोर्चे काढले, पण त्यांना ती मिळाली नाही. या मोर्च्यांविषयी शहरातले सुशिक्षित लोक 'बंदीने काही होत नाही' असे सहज बोलतात. नवरा पगाराच्या दिवशी कुठून घरी येतो हे ज्यांना मोजावे लागते, त्यांचा हिशेब वेगळा असतो. बंदीचे तोटे मी वर सांगितलेच आहेत. पण त्या बायकांचे दुखणे खरे होते, आणि ते मी रोज तपासणीच्या टेबलावर पाहतो.

आता एप्रिल 2021. कोरोनाची दुसरी लाट, टाळेबंदी, दारूची दुकाने बंद. वणीत काही मजूर दारू मिळत नाही म्हणून सॅनिटायझर प्यायले आणि त्यांतले सात जण दगावले. देशभर बातमी झाली, दोन दिवस हळहळ झाली आणि लाटेत सगळे वाहून गेले. लोकांनी तेव्हा एकच विचारले : असे कसे कोणी पिऊ शकते? रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक बंद झाली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, भास होतात, काहींना फिट येते. हा हट्ट नव्हे, मेंदूची रासायनिक घडी विस्कटलेली असते, आणि उपचार नसेल तर त्यानेही मृत्यू येऊ शकतो. त्या अवस्थेतल्या माणसाला दुकान बंद, दवाखान्यात जायची भीती आणि हाताशी 'अल्कोहोल' लिहिलेली बाटली. पुढचे कळायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

यासाठी थोडे रसायन समजून घेऊ. पिण्याच्या दारूत असते ते इथेनॉल. उद्योगात वापरतात त्यांपैकी एक मिथेनॉल. दिसायला, वासाला, जिभेला दोघे जवळजवळ सारखे. मिथेनॉलचे यकृतात आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल रक्त आंबट करते आणि डोळ्यांची नस मारते. धोका असा, की हे लगेच होत नाही. माणूस झिंगतो, झोपतो, आणि 12 ते 24 तासांनी उठतो तेव्हा डोकेदुखी, उलट्या, पोटात कळ, धाप, आणि डोळ्यांपुढे धुके किंवा पांढरे पांढरे दिसते. घरचे म्हणतात, 'उतरलेली नाही अजून.' तिथेच वेळ जातो. मुंबईत मालवणीला जून 2015 मध्ये शंभराहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने.

मोहफुलाच्या दारूत मिथेनॉल नैसर्गिकरीत्या फार थोडे येते. 'मोहाची आहे' म्हणणारा म्हातारा तेवढ्यापुरता बरोबर आहे. पण आज हातभट्टीवर मिळणारी प्रत्येक बाटली मोहाची असते, हे त्याला कोणी सांगितले? फूल महाग, काळा गूळ स्वस्त, नवसागर त्याहून स्वस्त, आणि कडक लागावी म्हणून त्यात आणखी काय पडते हे गाळणारालाच माहीत. आजोबांच्या काळातली मोहाची घरच्या डोळ्यांसमोर निघत होती. आजच्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर फक्त तिचे नाव उरले आहे.

कायद्याची पुढची गंमत सांगायची राहिली. 2021 साली राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे, नेणे यांवरची बंधने काढली. आणि 2022 साली मोहफुले, काजूची बोंडे यांपासूनच्या मद्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी' मद्याच्या वर्गात घालण्याचा निर्णय झाला. मारेगावच्या जंगलात गळलेले फूल एका शासननिर्णयाने विदेशी झाले! यकृताला ही बातमी कळलेली नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ते इथेनॉलच, मग ते निळ्या अगेव्हचे असो, मोहाचे असो की उसाच्या मळीचे.

म्हणून कैरीच्या कॉकटेलवाल्या तरुणाकडे परत येतो. तुझ्या पेल्यात फळ किती, हे मला नको सांगू. टकीला किती, ते सांग. 40 टक्क्यांच्या आसपासच्या कोणत्याही दारूचा 30 मिलीचा पेग म्हणजे साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. नेहमीच्या मार्गारिटात 60 मिली टकीला आणि वर संत्र्याची गोड दारू 30 मिली, म्हणजे एका पेल्यात तीन छोटे पेग होतात. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निपटते. म्हणजे एक पेला निपटायला तीन तास किंवा अधिक, आणि तू तासात दोन संपवतोस, कारण रस आणि साखर दारूची चव झाकतात. फळ दारू सौम्य करत नाही, फक्त कळू देत नाही.

त्यात आपला उन्हाळा. यवतमाळला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. दारू मेंदूतून सुटणारे, पाणी रोखून धरणारे संप्रेरक दाबते, म्हणून प्यायलेल्याहून अधिक पाणी लघवीवाटे जाते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. तहान आणि चक्कर यांची जाण बोथट होते. थंडगार पेल्याने गारवा आल्यासारखा वाटतो तेव्हा शरीर वाळत असते. दुपारी शेतात किंवा गच्चीवरच्या पार्टीत पिऊन उन्हात झोपलेला माणूस उष्माघाताने येतो, तेव्हा सोबतच्यांना वाटते की जास्त झाली असेल. अंग तापलेले आणि माणूस बरळतोय किंवा उठत नाही, असे दिसले तर उतरायची वाट पाहू नका. सावलीत न्या, अंग ओले करा, वारा घाला आणि गाडी बोलवा. पिऊन दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली तरी तसेच, थेट मोठ्या रुग्णालयात. मिथेनॉलवर उतारा आहे, डायलिसिस आहे, पण तासांचा हिशेब असतो.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांना उपाशीपोटी दारूने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि गोड कॉकटेलने आधी ती वर जाते, म्हणून फसायला होते. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर दारू अजिबात नको. यकृताचा आजार, गरोदरपण, झोपेच्या गोळ्या, यांत 'एवढीशी' नावाचे माप नाही. बाकीच्यांसाठीही, जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या सुरुवातीला स्पष्ट सांगितले की दारूचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. तरीही घ्यायचीच असेल, तर मापाने ओता, उन्हे उतरल्यावर घ्या, जेवणासोबत घ्या, आणि प्रत्येक पेल्यामागे एक पेला पाणी. परवान्याची आणि सीलबंद बाटली घ्या. घरी गाळणे मात्र कोणत्याही कारणाने नको. तो कायद्याने गुन्हा आहे.

आणि रोज पिणाऱ्यांनो, उद्यापासून एकदम बंद करतो अशी शपथ घेण्याआधी भेटा. हात थरथरत असतील, भास होत असतील तर त्यावर गोळ्या आहेत. वणीच्या त्या सात जणांपर्यंत हे कोणी पोहोचवले नव्हते.

मोहफुलाचे खाद्य म्हणून काय करता येते, असेही काही जण विचारतात. वाळलेली फुले स्वच्छ धुवून, देठ-केसर काढून, तासभर कोमट पाण्यात भिजवली आणि वाटून गाळली की सरबत होते. लिंबू आणि चिमूटभर मीठ घालून ते त्याच दिवशी प्या. दोन दिवस उबेला ठेवले तर ते आंबू लागेल, आणि आपण पुन्हा इतिहासाच्या सुरुवातीला जाऊ. मधुमेह असेल तर हेही मोजूनच, कारण साखर ती साखरच. त्यांच्यासाठी कैरीचे कमी गुळाचे पन्हे किंवा ज्वारीची ताकातली आंबील बरी.